जहाजावरच्या बाईचं बियाणं

कृषी केंद्र चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी न मागता साठतात. रिकामे डबे आणि किस्से. डबे भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, ते काउंटरमागे एकावर एक चढत जातात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात माझं बियाण्या-खतांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझ्याकडे बोंडअळीपासून बोहल्यापर्यंत सगळ्याचे किस्से आहेत. पण गेल्या उन्हाळ्यात जेवढे साठले, ते सगळे एका सिरीयलचे. आणि तीही कुठली, तर अंतराळातली!

झालं असं, की पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं, पंकजनं, दुकानातल्या टीव्हीवर काय काय जोडून दिलं आणि त्यात ही सिरीयल निघाली. मूळची इंग्रजी, पण हिंदीत बोलणारी. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते आमच्यात कोणी कधी घेतलं नाही. सगळे म्हणायचे ‘जहाज’. गोष्ट सोपी होती. पृथ्वी नापीक झालेली, उरलेली माणसं एका मोठ्या जहाजात बसून नवा ग्रह शोधायला निघालेली. जहाजावर बियाण्यांची कोठी असते, ती जळते. वाचतात फक्त सात दाणे, आणि ते सांभाळते एक शास्त्रज्ञ बाई. कोटाच्या शिवणीत लपवून!

बियाण्याची गोष्ट, तीही बियाण्याच्या दुकानात. मग काय विचारता!

*

दर शनिवारी दुपारी तीनला नवा भाग यायचा. चैत्र-वैशाखात आमच्या धंद्यात तशाही माश्याच मारायच्या असतात. तिघं जण ठरलेले होते. पहिले नथ्थूजी, वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून उन्हातून चालत येणारे. दुसऱ्या प्रमिलाताई, सात एकर एकटीनं करणाऱ्या, बोलायला एकदम रोखठोक. तिसरे दिनकर गुरुजी, विज्ञान शिकवून रिटायर झालेले.

पहिल्याच भागात जहाजाच्या खिडकीतून पृथ्वी दिसली. निळी, गोल, हळूहळू लहान होत जाणारी. नथ्थूजी उठले, दारापर्यंत गेले, चपला काढल्या आणि परत येऊन बसले.

“काऊन आबाजी, काय झालं?” मी विचारलं.

“आपली धरणीमाय दिसून राह्यली ना, गजू. चपला घालून कसा पाहू?”

त्यावर कोणी हसलं नाही. पुढच्या शनिवारपासून सगळ्यांच्याच चपला बाहेर. रस्त्यावरून जाणारा एक जण आत डोकावून म्हणाला, “सत्यनारायण हाय काय? परसाद कधी भेटते?”

*

गुरुजींचं एक होतं. दर भागात चुका काढायच्या. “अवकाशात आवाज ऐकू येत नाही.” “इतक्या वेगात माणूस उभा राहू शकत नाही.” प्रमिलाताई एकदा वैतागल्या. “गुरुजी, माह्या शेतात इस वर्स तुमी सांगतल्यापरमाणं पाऊस आला नाई. मी काई बोलली काय?”

तेव्हापासून गुरुजी चुका मनातल्या मनात काढायचे. फक्त मान हलवायचे.

*

शेवटच्या भागाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जे कधी आले नव्हते तेही आले. पोत्यांवर माणसं, काउंटरवर माणसं. फवारणी पंपाचा नोझल घ्यायला आलेला एक शेतकरी नोझल हातात धरून तासभर तसाच उभा राहिला.

बाई एकटीच त्या लाल ग्रहावर उतरते. मागे जहाजात तिची सगळी माणसं वाट पाहतायत. जमीन कशी, तर आपल्याकडच्या मुरमाड टेकडीसारखी. बाई गुडघ्यावर बसते. हातमोजा काढते. बोटानं सात भोकं पाडते, सात दाणे टाकते, आणि स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं एक-एक झाकण प्रत्येकावर ओतते. मग नुसती बसून राहते. तिची हवा संपत आलेली, छातीवरचा लाल दिवा लुकलुकतोय. ती जमिनीकडे पाहतेय. आम्हीही जमिनीकडे पाहतोय. खरं सांगतो, श्वास कोणाचाच चालू नव्हता.

आणि पडदा काळा झाला!

“लाईन गेली!” प्रमिलाताई ओरडल्या.

एकच कल्ला झाला. ऐन वक्ताले कशी जाते, आताच जाची होती काय. एकानं तिथूनच लाईनमनला फोन लावला. तो म्हणाला लाईन चालू हाय. “चालू हाय म्हणते! खोटं बोलते!” आम्ही आणखी दोन-तीन मिनिटं बसलो. मग नथ्थूजींनी वर बघितलं.

“गजू, पंखा तं फिरून राह्यला.”

तेवढ्यात काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं सरकायला लागली. सीझन संपला होता. पन्नास माणसं पंख्याखाली बसून लाईन यायची वाट पाहत होती!

नोझलवाला दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. म्हणाला, “भाऊ, काल मी काय घ्याले आलतो?”

*

शेवट पाहून गुरुजींचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं, प्रमिलाताईंनीही पाहिलं. “गुरुजी, रडून राह्यले काय?”

“खताची धूळ आहे,” गुरुजी म्हणाले.

“खत तं पाऊस जवळ आल्यावर येते तुमच्याइकडे, नाई गजाननभाऊ?”

मी बिलबुक चाळायला लागलो. खताचा माल खरंच यायचा होता.

*

पण प्रमिलाताईंचा राग वेगळाच होता. तो आठ दिवस उतरला नाही. बचत गटाच्या बैठकीत उतरला नाही, लग्नाच्या पंगतीत उतरला नाही. “शास्त्रज्ञ म्हणे! सात दाणे होते, तं सातीच्या साती एका दिवशी पेरले! दुबार पेरणी आली तं? माह्यासारखी अंगठेबहाद्दर बाई तीन पेरते अन् चार शिवणीत ठेवते!”

या मुद्द्यावर सिंदीत दोन पक्ष पडले. एक म्हणे बाई चुकली. दुसरा म्हणे, जिची हवा संपत आली ती दुबार पेरणीला असणार कुठून? दोन्ही पक्षांचं म्हणणं मला पटायचं आणि झोपेतही मी तेच घोळवायचो.

मग पंकजला फोन लावला. पुढचा सीझन कधी? पंकज म्हणाला, “काका, निदान दोन वर्षं तरी लागतील.” फोन स्पीकरवर होता.

नथ्थूजींनी ऐकलं. मग सरळ आवाजात म्हणाले, “दोन वर्स? मले तं डॉक्टरनं पोळ्याचीही ग्यारंटी देली नाई.”

त्यांचं हृदय थकलंय हे आम्हाला माहीत होतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण नथ्थूजींना कोणी सांगितलं नव्हतं, निदान आमची तशी समजूत होती. ते पुढं म्हणाले, “मले त्याचं काई नाई गड्या. पण ते उगोलं का नाई उगोलं, एवढं समजून गेलो असतो तं बरं झालं असतं.”

साठ वर्षं शेती केलेला माणूस. पेरलं आणि उगवलं की नाही ते न पाहता कधी झोपला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

*

गुरुजींनी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. इंग्रजीत लिहिलं, पण ठेवण पक्की सरकारी अर्जाची. प्रति, महोदय, आणि मग विषय. त्या विषयाचं मराठी असं होईल: ‘बियाणे उगवले किंवा कसे, याबाबत’. खाली लिहिलं होतं की येथील एक वयोवृद्ध शेतकरी सदर माहितीच्या प्रतीक्षेत आहेत, तरी त्वरित कळवावे. पंकजनं कंपनीचा पत्ता दिला, गुरुजींनी ते आपल्या मोबाइलवरून ईमेल केलं.

उत्तर पाच मिनिटांत आलं! कंपनीनं विचारलं होतं, ‘आपली समस्या सुटली का?’ खाली दोन बटणं. हो आणि नाही.

गुरुजींनी ‘नाही’ दाबलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत आला. महिनाभर ते रोज सकाळी आंघोळ करून ‘नाही’ दाबायचे.

*

याच दिवसांत एका बियाणे कंपनीचा नवा प्रतिनिधी आला. टाय लावलेला, बोलण्यात पटाईत. प्रमिलाताईंनी त्याला गाठलं. “साहेब, पाणी झाकणभर, जमीन निव्वळ मुरूम, हवा नाई. बियाणं उगवन काय?”

तो विचार न करता म्हणाला, “ताई, आमची व्हरायटी कुठंही उगवते!”

सगळे ताडकन उभे राहिले. नथ्थूजींनी त्याचे दोन्ही हात धरले. “पावतीवर लिहून देता काय?”

तो पोरगा चहासुद्धा न पिता गेला.

*

शेवटी नथ्थूजीच म्हणाले, “कोणाले कायले विचारता? पेरून पाहू ना आपुनच.”

बाप रे! एवढी सोपी गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. तेलाचा डबा आडवा कापला. टेकडीवरून लाल मुरूम आणला. गुरुजी म्हणाले त्या ग्रहावर जीवजंतू नाहीत, तेव्हा मुरूम भाजून घ्या, नाहीतर आपलं गवत-बिवत उगवेल आणि प्रयोग फसेल. माझ्या बायकोनं तो मोठ्या कढईत भाजला. “आजवर रवा भाजला. आता मुरूमच राह्यला होता.” पण भाजला मात्र रव्यासारखाच, हात न थांबवता.

तुरीचे सात दाणे गुरुजींनी मोजले. नथ्थूजींनी बोटानं सात भोकं पाडली. प्रत्येकावर एक झाकण पाणी. डबा दुकानाच्या दारात ठेवला. सगळ्यांच्या चपला बाहेर होत्या, हे वेगळं सांगायला नको.

*

नथ्थूजींची एक ख्याती सांगायची राहिली. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलांच्या मागून चालताना, दोन पानांवर आलेलं कुठलंही रोप ते नुसतं बघून ओळखायचे. पीक काय, तण काय, कोणाच्या घरचं बियाणं, सगळं. एकदा मीच गंमत म्हणून कुंडीतलं एक रोप आणून विचारलं, तर म्हणाले, “हे तुया मामाच्या गावची मिरची हाय.” आणि होती!

त्यांच्यापुढे लबाडी चालत नाही, हे माहीत असूनही मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही.

पाच दिवस झाले, मुरूम जसाच्या तसा. नथ्थूजी रोज यायचे, वाकून पाहायचे, बसायचे. चालताना आता त्यांना तीनदा थांबावं लागायचं. सहाव्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नाही बघून मी सोयाबीनचे मूठभर दाणे मुरमात दाबले. हो, दाबले! न उगवलेलं पाहून तो माणूस गेला असता तर मला जन्मभर टोचलं असतं.

बाराव्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि बघतो तर डबा हिरवा!

निरोप गेले. प्रमिलाताई आल्या, गुरुजी आले. नथ्थूजींना मुलानं मोटारसायकलवर आणलं. त्यांनी डब्यापुढे स्टूल घेतलं आणि बोटानं मोजायला लागले.

“तूर तीन. सातातल्या तीन आल्या. भाजल्या मुरमात तीन म्हंजे लय झालं बावा. जिंकली बाई.”

पण मोजणं थांबलं नाही.

“हे सोयाबीन. पाच.” माझ्याकडे एकदा बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

“हा मूंग. सहा. घरचा, बारीक दाण्याचा.” प्रमिलाताईंनी पदर सारखा केला.

“अन् ही चवळी. चार.” गुरुजी! प्रयोगात हस्तक्षेप नको म्हणून आम्हाला चार वेळा बजावणारे आमचे गुरुजी! ते रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर बघत होते.

“सात पेरले अन् अठरा निंगाले,” नथ्थूजी म्हणाले. “भलती कसदार जमीन हाय गड्या त्या गिरहावरची!”

कोणी मान वर केली नाही. मग ते आणखी वाकले.

“थांबा. एकोणीस.”

डब्याच्या कोपऱ्यात एक रोप होतं. काडी लालसर, दोन पानं, कडा दुमडलेल्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मान हलवली. प्रमिलाताईंनी हलवली. गुरुजी हळूच म्हणाले, “मुरूम भाजलेला होता.”

माझी बायको दारात येऊन उभी राहिली. “मले काऊन पाहता? मी फक्त भाजला.”

नथ्थूजींनी चष्मा धोतराला पुसला, परत लावला. पानाला हात न लावता खालून पाहिलं, वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. बराच वेळ गेला. दोन गिऱ्हाइकं आली, तीही काही न मागता उभी राहिली.

“हे मी वळखत नाई,” नथ्थूजी म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे वाक्य सिंदीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मुलगा म्हणाला, “बाबा, चला आता, दवाईची येळ झाली.” त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. स्टूल डब्याच्या आणखी जवळ ओढलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, “सुनबाई, याले रोज एक झाकण पाणी देजो, जास्ती नाई. अन् डॉक्टरले फोन करून सांगा कोणी, याले फूल येईस्तोवर मी कुठंच जात नाई!”