टोपीतला लाल टाका

नरसय्या आमच्या घरी टीव्ही बघायचे तेव्हा त्यांचं लक्ष फक्त डोक्यांवर असायचं. संध्याकाळच्या मालिकेतले आबासाहेब रोज नवी टोपी घालून यायचे. कधी गळ्यात रेशमी रुमाल, कधी हातात चांदीच्या मुठीची काठी. आम्ही गोष्टीत गुंतलेलो असताना नरसय्या मांडीवर वर्तमानपत्र दुमडत त्या टोपीचा घाट शोधत बसत.

"गोष्ट तुम्ही बघा की सर," ते म्हणायचे. "मला डोकं बास हाय."

ते आमचे शेजारी. सोलापुरात यंत्रमागावर जन्म गेलेला. घरात तेलुगू, मराठी बोलण्यापुरती; वाचता येत नसे. मी शाळामास्तर. चादरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून ते हुबेहूब तशीच टोपी शिवायचे आणि आत, कपाळापाशी, लाल धाग्याचा एक टाका घालायचे. ती त्यांची खूण. त्यांच्या खिडकीत टांगलेल्या टोप्या वाऱ्यानं हलायच्या. वाटायचं, न दिसणारी माणसं एकमेकांना माना डोलावतायत.

एकदा मोरांच्या चादरीची टोपी इतकी देखणी उतरली, की ती मालिकावाल्यांना पाठवायचं ठरलं.

"अक्षर तुमचं चांगलं. तुमीच लिवा."

मी त्यांच्या वतीनं लिहिलं, 'ही टोपी मी शिवली आहे.' आणि खाली सवयीनं माझीच सही केली. पाकीट बंद करण्याआधी चूक दिसली. मी पाकीट बंद केलं.

काही आठवड्यांनी आबासाहेब ती टोपी घालून आले. खोलीभर निळसर उजेड तरंगत होता. शेवटी पडद्यावर टोपी शिवणाऱ्याचे आभार, आणि माझं नाव.

"माझं नाव आलं का, सर?"

"आलं."

त्यांनी टीव्हीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गल्लीनं मला हार घातला. नरसय्या मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी नेहमीसारखे आले, वर्तमानपत्र मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आबासाहेबांना जरा ढिली झाली सर. माप नव्हतं की आपल्याकडं."

गेल्या वर्षी ते गेले. नंतर त्यांच्या पत्नीनं एक पिशवी आणून दिली. आत टोपी, तशीच मोरांची.

"तुमच्यासाठी शिवली होती. द्यायला लाजले."

"माझं माप कधी घेतलं त्यांनी?"

"रोज हितं बसून तुमचं डोकं बघत होते की!"

टोपी मला अचूक बसते. लाल टाका कपाळाला लागतो.

आज ती समोर ठेवून स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: आबासाहेबांची टोपी नरसय्यांनी शिवली होती. खाली सही माझी.