कलम दाखव म्हणणारे सर

कलम सर आधी मारायचे आणि मग कारण विचारायचे. नव्यानं शाळेत आलेल्या पोराला हे ठाऊक नसे. ते बिचारं गाल चोळत उभं राही आणि सर अगदी शांतपणे विचारत, "आता सांग, काय केलं व्हतंस?" पोरानं बहुधा काहीतरी केलेलंच असायचं, त्यामुळे सरांचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकलाच तर म्हणत, "ऱ्हाऊ दे. पुढच्या येळंला धरू." ठेंगणे, काळे, टेरीकॉटच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं केळ्यासारखी जाड. डावा कान चेंबलेला होता. नामांतराच्या दंगलीत वालूरकडच्या त्यांच्या गावात घर पेटवलं, तेव्हा बाहेर पडताना त्या कानावर दगड बसला होता. त्या बाजूनं त्यांना कमी ऐकू येई आणि मागच्या बाकावरची पोरं त्याचा फायदा घ्यायला जाऊन मार खात.

आमचं गाव बोरी आणि जिंतूरच्या मधलं. सर तिथं मराठी शिकवायचे आणि पी.टी.चा तासही घ्यायचे. मारण्यात त्यांनी कधी डावंउजवं केलं नाही. पाटलाचं पोर आणि सालगड्याचं पोर, दोघांच्या गालावर पाचही बोटं सारखीच उमटत. मोठ्या घरच्यांना खुपायचं ते हेच. मास्तरनं पोराला मारलं याचं त्यांना काही नव्हतं, बौद्ध मास्तरनं मारलं याचं होतं.

मी त्यांची विद्यार्थिनी. शाळेच्या लेखी मात्र विद्यार्थी. नाव बबन, अंगात खाकी चड्डी, पुढं पॅंट. मी मुलगी आहे हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, जगाला नव्हतं. आज मी 'आले', 'गेले' लिहिते आणि कोणी डोळे वटारले तर दुप्पट वटारते. तेव्हा गोष्ट वेगळी होती. 'आलो' आणि 'आले' यांच्यात फरक एका कान्याचा, पण त्या एका कान्यापायी मी जेवढा मार खाल्ला तेवढा आमच्या बैलांनी जन्मात खाल्ला नसेल.

सरांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. 'कलम सर' हे नाव पडलं ते स्टँडवरच्या हॉटेलात. तिथं बौद्धांसाठी कान तुटलेल्या कपबशा बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या असत. सर नवे होते. आत शिरून बाकड्यावर बसले. मालकानं कोनाड्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "कुठं लिहिलंय? कलम दाखव." मालकानं कलमाऐवजी उकळता चहा त्यांच्या छातीवर फेकला. मग सरांनी बाहेर येऊन कोनाड्यातला एकेक कप रस्त्यावर आपटला, आणि मालकाच्या पुतण्यांनी बाकड्याची फळी काढून सरांना आपटलं. दुसऱ्या दिवशी सर पट्टी बांधून मैदानावर 'एक साथ सावधान' करत होते. कोनाड्यात कप मात्र पुन्हा आले नाहीत. मालकाला नवे घेणं जिवावर आलं असावं.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुमाला सगळी कलमं पाठ हायती?" सर खदाखदा हसले. "एक सतरावं ठाऊक हाय, शिवाशीव बंद करनारं. बाकी अंदाजपंचे दाहोदरसे! आरं, पण समोरच्याला तरी कुठं पाठ असतेत? त्याला हुडकायला लावायचं. त्यो हुडकस्तोवर आपुन चार घोट पिऊन घ्यायचे."

आमच्या शाळेत हजेरीला पोरं 'आलो सर' म्हणत आणि पोरी 'आले सर'. आठवीत एका सकाळी माझं नाव पुकारलं आणि माझ्या तोंडून 'आले सर' निघून गेलं. वर्ग असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सरांनी नेहमीप्रमाणं आधी माझ्या कानाखाली काढली. मग विचारलं, "का म्हनलास?" मी म्हणाले, "तोंडातनं तसंच येतंय सर."  सर वळले आणि पहिल्या बाकापासून हसणाऱ्या एकेकाला बडवत शेवटच्या बाकापर्यंत गेले. परत आल्यावर दम खात म्हणाले, "उद्यापासून समद्यांनी 'हजर' म्हनायचं. हजरला ना पुल्लिंग ना स्त्रीलिंग. कटकट मिटली." हेडमास्तरांनी रीत का मोडली म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी त्यांनाही कलम मागितलं.

व्याकरणाच्या तासाला मी धास्तावलेली असे. लिंगाचा धडा आला की तिसऱ्या लिंगाशी सगळ्या माना माझ्याकडे वळत आणि कोणीतरी मागून टाळी वाजवे. तशी टाळी वाजली त्या दिवशी सरांनी मारलं नाही. वाजवणाऱ्याला उभं केलं आणि विचारलं, "तुझी माय तुला काय म्हनून कुरवाळती?" तो लाजत म्हणाला, "लेकरू." "लेकरू कोणतं लिंग?" त्याला उत्तर ठाऊक होतं, पण देईना. सरांनी ते संबंध वर्गाकडून घोकून घेतलं. ते लेकरू, ते पोर, ते मूल. नपुंसकलिंग. "मायच्या तोंडात तुमी समदे तेच हाव. बसा खाली." मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले.

पण वर्गात सर होते, वाटेवर नव्हते. दहावीच्या वर्षी पोरांनी मला ओढ्याकाठी गाठलं आणि पऱ्हाट्यांनी फोडून काढलं. कारण विचाराल तर मी कानामागं जाईचं फूल खोवलं होतं. रक्ताळलेली मी घरी आले तर तिथं आगीतून फुफाट्यात. थोरल्या भावानं मेंढरं भादरायची कातर आणून माझे केस उतरवले, कातडीसकट. आबांनी आसूड घेतला. शेवटी आईनं हळद लावली आणि तीही रडत रडत दोन रपाटे घालून गेली. त्या घरात माया करायची दुसरी तऱ्हा कोणाला येत नव्हती.

यातून शाळेनं निकाल काढला तो असा, की मार खाणाऱ्यालाच काढून टाकावं. हेडमास्तरांनी आबांना बोलावलं. "दाखला घेऊन जा. याच्यामुळं बाकीची पोरं बिघडतात." मी दाराशी उभी होते. सर आत घुसले. "मारलं त्यांनी आन् दाखला हिकडं? कलम दाखवा."  गावातले एक मोठे शेतकरी शाळेच्या कमिटीवर होते. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या लोकाला इद्यापीठाचं नाव बदलायचंय, आता पोराचं पोरगी बी करायलाव का?" सरांचा हात उठला होता. त्यांनी तो टेबलावर आपटला तेव्हा काच तडकली. आबा म्हणाले, "माझं पोरगं हाय. मी मारीन न्हाईतर तारीन, तुमचा काय संबंध?" सर म्हणाले, "मारताना तुमचं आसंल. शाळेत बसलं की माझं." दाखला त्या दिवशी लिहिला गेला नाही. परीक्षेपर्यंत बघू, असं ठरलं.

आता सरांना खरंच कलम हवं होतं. ते जिंतूरला वकिलाकडे गेले, परभणीला शिक्षणाच्या कचेरीत गेले. असा मुलगा असेल तर शाळेनं काय करायचं, त्याला काढता येतं का, त्याला कोणी राखायचं, एवढंच विचारायचं होतं. वकील हसला. कचेरीतल्या कारकुनानं 'डॉक्टरला दाखवा' म्हणून सांगितलं. सर परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मला वऱ्हांड्यात बोलावून म्हणाले, "कुठंच काय न्हाई बघ. आमच्याबद्दल पोथीत वाईट तरी लिहून ठिवलं व्हतं, जाळाय तरी काही व्हतं. तुझं पानच कोरं हाय." आता कायदा आहे, कोर्टाचा निकाल आहे. माझ्यासारखं एखादं लेकरू घेऊन मी शाळेत जाते तेव्हा हेडमास्तरांपुढं कागद ठेवते आणि त्यांचा चेहरा बघते. सरांना हे मिळायला हवं होतं, असं दर वेळी वाटतं आणि संताप येतो.

ते देव नव्हते. परीक्षेचा फॉर्म भरताना मी त्यांना म्हणाले, "सर, माझं नाव शोभा टाका ना." त्यांनी अशी झापड दिली की ओठ फुटला. "ही काय थट्टा हाय? एका नावापायी आमची घरं जळली, माणसं गेली. आन् तुझं नखऱ्याचं नामांतर!" मी रक्त पुसलं आणि मलाही चेव चढला. "मंग तुमाला तर कळाया पायजे," म्हणाले. सरांचा दुसऱ्यांदा उचललेला हात वरच राहिला. ते निघून गेले. फॉर्मवर बबनच लागलं. पण त्यानंतर त्यांनी मला बबन म्हणून हाक मारली नाही, आणि मारही दिला नाही. मला नावच उरलं नाही म्हणा ना.

परीक्षेच्या तोंडावर भावानं मला कडब्याच्या खोलीत कोंडलं. पोरगं नापास झालं की आपोआप शेतावर येईल, नांगराला लावलं की पुरुष होईल, असा त्याचा हिशेब. भर दुपारी आईनं कडी काढली आणि माझ्याकडे न बघता पाण्याला निघून गेली. मी सरळ बौद्धवाड्यात सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोला सगळे माई म्हणत. माईंनी आधी जेवायला वाढलं. ही बातमी गावात पोचली तशी आमच्या घराच्या अब्रूला आग लागली. पोरगं बायकी निघालं ते एक वेळ चाललं असतं, पण ते त्या वाड्यात जेवलं! संध्याकाळी माईंच्या पत्र्यावर धोंडे पडले. सर दारात नांगराचं रुमणं घेऊन बसून राहिले.

मराठीचा पेपर पहिला. सर आणि मी जिंतूरला एस.टी.तून उतरलो तर भाऊ आणि त्याचे दोस्त काठ्या घेऊन उभे. परीक्षेचं केंद्र समोरच होतं. सरांनी मला मागं सारलं आणि पहिली काठी खांद्यावर घेतली. दुसरी त्यांनी हिसकावून भावाच्या गुडघ्यावर घातली. मग सगळे एकदम तुटून पडले. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, वाळल्या तुराटीसारखा. बघे पुष्कळ होते, कोणी मध्ये आलं नाही. सर खाली पडले, एकाच्या पायाला मिठी मारून धरली आणि ओरडले, "शोभे, पळ! आत पळ! पेपर लिही!" भर स्टँडवर, साऱ्या जिंतूरसमोर. घाईत तोंडातून निघतं ते खरं, असं मी तरी समजते. मी पळाले.

शर्टावर सरांचं रक्त. सुपरवायझरनं नाक मुरडलं, पण बसू दिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. पुढं व्याकरणात प्रश्न आला, 'लिंग बदला'. राजा, मोर, लेखक. मला हसू फुटलं ते थांबेना. सुपरवायझर छडी घेऊन धावून आले. मी हसत हसत, रडत रडत तिन्हीची लिंगं बदलली. तेवढ्यापुरतं ते किती सोपं होतं!

दवाखान्यात सर निजलेले. उजवा हात मोडलेला, डोक्याला टाके, तोंड सुजून कुंडीएवढं. हवालदारानं 'आपसातली मारामारी' एवढंच लिहून नेलं होतं. सरांनी विचारलं, "कसा ग्येला?" मी म्हणाले, "चांगला." "उरलेले बी द्यायचे." उरलेल्या पेपरांना माई माझ्याबरोबर आल्या, पिशवीत भाकरी आणि भाकरीखाली विळा. शेवटचा पेपर झाल्यावर सरांनी मला गावाकडे जाऊच दिलं नाही. औरंगाबादला त्यांच्या ओळखीच्या एकांकडे चिठ्ठी दिली आणि माईंनी मला बसमध्ये बसवलं. मी पास झाले, पुढं शिकले, नोकरीला लागले, साडी नेसू लागले. सरांना भेटायला जायची छाती झाली नाही. भावानं तशी तंबी गावभर देऊन ठेवली होती.

सर गेल्याचं कळलं तेव्हा महिने उलटले होते. विद्यापीठाचं नाव बदललेलं त्यांना बघायला मिळालं नाही. डोक्याच्या त्या मारानंतर त्यांना झटके येत असत. तसाच एक वर्गात आला आणि ते फळ्याखाली पडले ते उठलेच नाहीत. मी मिळेल त्या बसनं निघाले, गावात शिरले आणि तोंड न झाकता बौद्धवाड्यापर्यंत चालत गेले.

माईंनी दार उघडलं. थकल्या होत्या. मला आपादमस्तक पाहिलं. मी नाव सांगितलं. त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसल्या.

"शिकलीस म्हनं."

"हो माई."

"तुझ्यापायी मेला माझा मानूस," माई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. "ह्ये तुला कुनीतरी सांगायला पायजे, म्हनून सांगते."

 मी उठायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती, दुखलं.

"बस खाली. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

त्यांनी चूल पेटवली, पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. मी पदर खोचून चुलीत काड्या सारत बसले. मग त्यांनी ताट वाढलं. माई समोर बसून बघत होत्या, म्हणून मी सगळी भाकरी खाल्ली. त्यांनी न विचारता दुसरी वाढली, तीही खाल्ली.