डॉक्टरबाईंचा चौकोन

वाचकहो, अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो की, प्रभादेवीच्या आमच्या इमारतीत काही वर्षं बारशी, हळदीकुंकू आणि सोसायटीच्या सभा अरबी समुद्राला विचारून ठरत होत्या. कारण, पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई. हातात चहाचा कप, एक पाय आधीच चपलेत, नजर घड्याळावर. "पाणी उतरायला लागलं, मी निघते!" की बाई जिन्यात आणि कप आमच्या हातात.

त्या राहायला आल्या तेव्हा दारावरची 'डॉ.' पाहून तळमजल्यावरच्या परबकाकूंनी गुडघा पुढे केला. "गो बाय, जरा बघ तरी."

"काकू, मी कालवांची डॉक्टर."

"मगे कालवां तुझ्याकडे येतत, काय तू जातंस?"

"मीच जाते. फी म्हणून माझेच तळवे कापतात."

आमच्या गल्लीच्या टोकाला ओहोटीत काळा खडक उघडा पडतो. तिथली एक जागा बाईंनी कायमची धरली होती. तिच्यावर पाईपचा चौकोन ठेवायचा आणि आत कोण कोण राहतं ते पाहायचं: कालवं, शंख, नखाएवढे खेकडे, फुलासारखे उघडमीट करणारे जीव. ऋतूमागून ऋतू तीच जागा. एकदा मीही गेलो आणि लगेच कंटाळलो.

"बाई, मागच्यासारखंच तर आहे सगळं."

"मागच्यासारखं कधी नसेल, ते कळायला नको?" बाई वर न बघता म्हणाल्या.

मग सरकारी खात्याचं 'किनारा सुशोभीकरण' आलं. नेमक्या त्याच खडकावर बसायला काँक्रीटचा कट्टा! बाईंचा कट्ट्याला विरोध नव्हता. "नाल्याच्या तोंडाशी बांधा की. तिथलं सगळं कधीच मेलंय. हा तुकडा तेवढा जगू द्या, याच्यावरची पिल्लं पसरूनच आजूबाजूचे खडक भरतात." त्यांच्या हरकतीवर खात्याने सुनावणी ठेवली, आणि तिच्याआधी त्यांना चौकोनाची एक शेवटची पाहणी हवी होती. त्या ओहोटीची वाट बघत बाई जिन्यात अशा येरझारा घालत की परबकाकूंनाच चक्कर यायची.

आणि ती ओहोटी आली, त्याच सकाळी आमच्या मंडळाची स्वच्छता मोहीम निघाली. अध्यक्ष विलास, तिसऱ्या मजल्यावरचा, बाईंना ताई म्हणणारा. प्लॅस्टिक उचलून झालं तरी पोरांच्या अंगात जोर उरला होता. मंडपाचे गंजलेले पाईप घासायचे तारेचे ब्रश त्यांनी मागवले आणि खडक घासायला घेतला. बाई पोचल्या तेव्हा विलास घामाने निथळत हसत होता.

"ताई, बघा! नुसता आरसा केलाय!"

बाई खाली बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"विलास, तो मळ नव्हता रे."

विलासने एक फुटका शिंपला उचलला आणि खिशात टाकला. पुढच्याच आठवड्यात या कामगिरीबद्दल खात्याने त्याला शाल-श्रीफळ दिलं. फोटो मंडळाच्या कार्यालयात लागला.

सुनावणीला साहेबही तेच, शाल देणारे. "मी स्वतः जाऊन आलो. खडक कोरा करकरीत आहे. तुमची ती जीवसृष्टी कुठंय, मॅडम?"

बाईंनी सगळ्या ऋतूंचे फोटो मांडले.

"फोटो काय, कुठल्याही खडकाचे असतील."

"त्याच खडकाचे आहेत. तो घासला गेलाय."

"कोणी घासला?"

 कधी क्षणभर स्थिर नसलेली बाई, दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकून बसून राहिली! मी बाजूने ढोसलं, "अहो, सांगा ना! तुमची इतक्या वर्षांची मेहनत बुडतेय!"

त्या मागे बसलेल्या मंडळाच्या पोरांकडे बघत कुजबुजल्या, "ही पोरं दर महिन्याला किनाऱ्यावर उतरतात. त्यांना आज इथं खाली बघायला लावलं, तर उद्या कोण उतरेल?"

बाईंची बदली होऊन आता बराच काळ झाला. त्या दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर वाकलेल्या असतील. त्यांच्या घरात नवं कुटुंब आलंय. खारा वारा नको म्हणून खिडक्या बंद ठेवतं. कट्टा नाल्यापाशीच झाला, आणि नाक दाबून का होईना, मी तिथे बसतो. लोक विचारतात, साहेब हलले कशाने? बाईंचे फोटो तर होतेच, पण त्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेत एक खुर्ची धाडकन पडली आणि विलास ओरडला,

"ओ साहेब, तिथं सगळं होतं हो! आम्हीच घासून मारलं, आणि त्याचीच शाल दिलीत तुम्ही मला!"