साहेबांच्या गाडीची चाकं

वडिलांनी मुंबईहून जुनी मोटार आणली आणि ती कुणा मोठ्या साहेबांची होती, असं सगळ्या पंचवटीला ऐकवलं. पुढच्या मडगार्डवरचं भोक म्हणे साहेबांच्या झेंड्याचं होतं.

चाकांचा जुना रंग काढायला एक माणूस बोलावला. तो थोडं खरडायचा, फुंकर मारायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. पांढऱ्या रंगाखालून टॅक्सीचा पिवळाधमक रंग निघाला, तसे जमलेले शेजारी वडिलांकडे बघू लागले.

"मोठ्या सायबांच्या गाडीला पिवळंच अस्तर देत्यात," मान वर न करता तो म्हणाला आणि भराभर खरडू लागला.

शेजारी पांगल्यावर तो वडिलांजवळ सरकला.

"भाऊ, झेंड्याचं भोक आजच बुजवून घ्या. मीटरचा नट अजून आत हाय."