उघडणारं पातं

“डुकराक एकच बाण पुरो. पण पाता बरा व्हया.”

पार्टिशनच्या पलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी पॅन्ट्रीत कप विसळत होते. मग दोघं-तिघं हसले. त्यात गावडेकाकांचं हसणं मला ओळखू आलं, कारण ते हसताना खोकतात. पुढचं ऐकायला मी नळ बंद केला. तोवर ते बाहेर पडले होते.

हे मी घरी कधीच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, शाळेपासूनच्या मैत्रिणीलाही नाही. ज्या एका माणसाला सांगायलाच हवं होतं, त्याला सांगायला मला सव्वा वर्ष लागलं. आता तुम्हाला सांगायला बसले आहे आणि अजूनही वाटतंय — आधी दुसरं काहीतरी सांगून घ्यावं का?

मग आधी डुक्कर कोण, ते सांगते. कुवेतमध्ये अहमदीजवळ आमचं पाइपांचं यार्ड आहे. मी तिथे पोर्टाकेबिनमध्ये बसून ड्रॉइंगं आणि पत्रं नोंदवते. फिटर, वेल्डर बरेचसे कोकणातले, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. फोरमनला ही मंडळी पाठीमागे डुक्कर म्हणत. जाड मान, आणि प्रत्येक वाक्याआधी नाकातून एक आवाज. मी इथेच, मंगफमध्ये वाढले, शाळा इंग्रजी, घरात साताऱ्याकडची मराठी. त्यामुळे मालवणी मला निम्मी कळते. पण हा शब्द पूर्ण कळायचा. त्याच आठवड्यात फोरमनने गावडेकाकांचा रजेचा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला होता. तो माझ्याच ट्रेमधून गेला होता. वरचा शेरा मी वाचला होता.

म्हणजे, मी काय जोडलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले. पन्नाशीचे, कुडाळकडचे, पाइप फिटर. मला बाय म्हणायचे. मोबाइल तळहाताच्या आडोशाला धरून त्यांनी पुढे केला. पान इंग्रजीत होतं, क्रॉसबोच्या बाणांचं — बंदुकीसारखा दस्ता आणि खटका असलेलं धनुष्य. काका त्याला खटक्याचा धनुष्य म्हणत. कुठला बाण घ्यावा, त्याला पुढे कुठलं पातं लावावं, ते वाचून मराठीत सांग म्हणाले.

कशाला हवंय? हे दोन शब्द होते. मी ते विचारले नाहीत. लाजाळू माणसं विचारत नाहीत, बघत राहतात, आणि बघितलेल्याला पुरावा समजतात. मी बघितलं की ते सारखे दाराकडे बघतायत. त्यांनी विचारलं, हाडातून पार जाईल का. मान जाड असली तर कुठे मारायचं. आणि हे कोणाजवळ बोलू नको, असंही म्हणाले. काचेवर फोरमनची सावली आली तेव्हा त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

बाणाचं आणि पात्याचं वजन ग्रेनमध्ये दिलेलं होतं. काकांनी विचारलं, “ग्रेन म्हंजे दाणे? भाताचे?” मी म्हटलं, वजनाचं माप आहे. ते म्हणाले, मग इतके दाणे पेरून उगवेल तरी काय. मी हसले. हसता हसता मनात म्हटलं, हा माणूस किती सहज बोलतोय.

त्या पानावर डुक्कर हा शब्दही होता. रानडुक्कर. एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात. मी तो वाचला. तेवढ्यावर कोणाचंही समाधान झालं असतं, नाही का? मला वाटलं, बहाणा आहे. अख्ख्या कुवेतमध्ये डुक्कर बघायला मिळत नाही, मग बाण कोणासाठी?

पान अगदी स्पष्ट होतं. रानडुकराच्या खांद्यावर जाड, चिवट ढाल असते. त्याला जड बाण हवा आणि घट्ट बसवलेलं, न हलणारं पातं हवं. हलका बाण वेगाने जातो, पण आत शिरत नाही. आणि एक प्रकार असतो उघडणाऱ्या पात्यांचा — बाण लागला की ती छत्रीसारखी उघडतात. दिसायला भयंकर, पण उघडण्यातच त्यांचा जोर संपतो. डुकरासाठी ती टाळा, असं लिहिलं होतं.

मी काकांना म्हटलं, हलका बाण घ्या आणि उघडणारी पाती घ्या. असं इथे लिहिलंय.

मी चुकून बोलले नाही. मी आवाजही बदलला नाही. मनात हिशेब सरळ होता: बाण लागलाच तर आत जाऊ नये. तक्रार केली असती तर चौकशी झाली असती, माझं नाव आलं असतं. माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, याच कंपनीवर आहे. न बोलता एक जीव वाचवते आहे असं मी स्वतःला सांगितलं. मला त्या दुपारी चक्क शूर वाटलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, गैरसमज झाला बिचारीचा. मीही पुष्कळ दिवस तिथेच थांबत असे. पण खरी गोष्ट तिथे नाही. ती पुढच्या पंधरवड्यात आहे.

काका तिसरा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. कारण काय लिहू, विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. गावी थोरला भाऊ एकटा शेती बघतो. रानडुकरं उभं भात लोळवून टाकतात, कणग्यांचे कंद उकरून खातात. भावाकडे ते धनुष्य आलेलं, पण बाण साधे. मुंबईतल्या भाच्याकडून नवे बाण मागवले होते — हलके, उघडणाऱ्या पात्यांचे. मी सांगितलं तसेच. वनखात्याची माणसं विचारायला येतात म्हणून कोणाजवळ बोलायचं नव्हतं, बाकी काही नाही. कायद्याने चालतं का, हे मी विचारलं नाही. तोंड उघडलं असतं तर दुसरंच बाहेर आलं असतं.

म्हणजे मला कळलं होतं. ते माझ्यासमोर खुर्चीत बसले होते आणि मला कळलं होतं. “काका, बाण बदला,” एवढं पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? आणि मी काय सांगणार होते — तुम्हाला खुनी समजले म्हणून? मी अर्जात ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं. या वेळी रजा मंजूर झाली. ते विमानात बसल्यावर मी त्यांच्या नंबरवर मेसेज लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला.

चाळीस दिवसांनी ते परत आले. माझ्यासाठी घरच्या झाडाचे काजू आणले होते. उभ्याउभ्याच सांगितलं. भावाने जवळून बाण मारला, खांद्यावरच बसला. पातं उघडलं आणि कातडीतच अडकलं. डुक्कर पळालं नाही, उलटून आलं. भावाची मांडी हाडापर्यंत फाटली. आता तो कुबडीवर चालतो. पुढच्या पावसाळ्यात शेत कोण करणार, ठरलेलं नाही.

मग काकाच म्हणाले, “तू बराबर सांगितलंस, माजाच आयकूक चुकला असतला गो, बाय.”

आणि मी म्हटलं, “असेल, काका.”

हे दोन शब्द मी बोलले आहे. कोणी बोलायला लावले नव्हते. काजूही मी खाल्ले, टेबलाच्या खणातून, रोज थोडे.

त्यानंतर काका कानांवर विश्वास ठेवेनात. सकाळच्या सुरक्षेच्या सूचना झाल्या की शेजारच्याला विचारायचे, काय म्हणाला? मग दुसऱ्याला. पोरं त्यांना बहिरोबा म्हणायला लागली. कागद वाचून घेणं त्यांनी सोडलं, न विचारता सह्या करायला लागले. ऐकून तरी काय कळणार आहे, म्हणायचे. मी हे सगळं काचेतून बघत होते. त्यांना कधी संशय आला असेल का माझा? प्रत्येक वेळी ते केबिनकडे वळले की मला वाटायचं — कळलं यांना. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधायचे. तिथे कधीच काही नव्हतं, आणि त्याचाच मला संशय यायचा.

गेल्या महिन्यात ते सुट्टी टाकून दवाखान्यात गेले, कान तपासायला. तिथल्या मराठी सिस्टरने कान बरे आहेत असं सांगितलं, पण तेही आपण चुकीचंच ऐकलं असं त्यांना वाटलं. म्हणून रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला होता.

“हेच्यात काय लिवलाहा ता सांग.”

दोन आलेख होते, खाली एक ओळ. दोन्ही कान उत्तम. मी ती ओळ दोनदा वाचली. ते माझ्या ओठांकडे बघत होते, नीट ऐकू यावं म्हणून किंचित पुढे वाकून.

मी म्हटलं, “काका, तुमचे कान चांगले आहेत. त्या दिवशीही तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मीच उलटं वाचलं, मुद्दाम — मला वाटलं, तुम्ही माणूस मारणार आहात. आणि नाही मारणार, हे कळल्यावरही मी गप्प बसले.”