सोळा तोंडांचा दुभाष्या

आमच्या ऑफिसात त्याला सगळे दुभाष्या म्हणत. दोन भाषा येत होत्या म्हणून नव्हे. धड एकही येत नसे, मनातलं काही बोलायला लागला की वाक्याचं शेपूट तोंडातच राहायचं. पण यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहून यंत्राचं म्हणणं माणसाला सांगणारा आमच्याकडे तो एकटाच होता. नव्याने लागलेल्या पोरांना ते आडनाव वाटे आणि ती त्याला ‘दुभाषेसाहेब’ म्हणत. तोही ओ देई.

त्याची जागा बाथरूमच्या दाराशेजारी. अंगात बारा महिने एक राखाडी स्वेटर, कारण एसीचं तोंड नेमकं त्याच्या टकलावर. जागा बदलून घे म्हणून मी मागे लागलो, तर म्हणाला, “इथं बरंय. येणारा-जाणारा प्रत्येक जण भेटतो, आणि येताना घाईत असतो, त्यामुळे फार बोलत नाही.”

दुकानांच्या गल्ल्यावर जी यंत्रं असतात त्यांचे प्रोग्राम आम्ही बनवायचो. म्हणजे बाकीचे बनवायचे. ते कसे वापरायचे याची पुस्तिका मी लिहायचो आणि ती कोणी वाचायचं नाही. प्रत्येक जण आपापला तुकडा लिहितो आणि रोज ते सगळे तुकडे जोडून एक अखंड प्रोग्राम करायचा, याला बिल्ड म्हणतात. तुकडे एकामागून एक जोडत बसलं तर दिवस मावळेल, म्हणून यंत्र ते काम सोळा थ्रेडना वाटून देतं. थ्रेड म्हणजे यंत्राच्या पोटातले कामकरी, सगळे एकदम राबणारे. इथवर छान. पंचाईत अशी, की आपण काय करतोय हे प्रत्येक जण बोलून दाखवतो, आणि ते सगळं बोलणं एकाच ठिकाणी, एकाच लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदवहीत, पडतं. सोळा जावांनी एकाच फोनवरून एकाच वेळी आपापल्या माहेरी बोलावं, तसं. एकीचं ‘मी काय म्हणते’ संपायच्या आत दुसरीची कंबर दुखायला लागते, तिसरीचं दूध उतू जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कंबरच उतू गेली.

बिल्ड मोडलं की माणसं दुभाष्याच्या खुर्चीमागे रांग लावत. स्क्रीनवर ओळी भराभर सरकत असायच्या. हा मान तिरकी करून बघत राहायचा आणि मग एका ओळीवर बोट टेकवायचा.

“हा बोंबलतोय तो पावती छापणारा. पण त्याला काही झालेलं नाही. त्याला ज्याने फाइल द्यायची तो इथं, वर, आधीच आडवा झालाय. त्याचं कण्हणं या दोघांच्या बोलण्यात अडकलंय, बघ.”

“तुला कळतं कसं रे?” मी एकदा विचारलं.

“तुझ्या घरात चार जण एकदम बोलत असले तर बायकोचा आवाज कळत नाही तुला?”

“कळतो. तेवढाच कळतो.”

“झालं तर मग.”

त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागे आणि तो सगळा खर्च ऑफिसच्या विम्यातून होई. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की खुर्ची गेली. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी बोलत नसे. बोलायची ती तीच. बाई मोठी खट. मला म्हणायची, “भाऊजी, तुमचा हा मित्र माझ्या रिपोर्टपेक्षा त्या लॉगकडे जास्त वेळ बघतो. मी सवत करून घेतलीय, पण ती निदान दिसायला तरी बरी असावी की नाही?”

दिसायला बरी करायचं काम नव्या मॅडमनी काढलं.

मॅडम वयाने आमच्याहून लहान, स्वभावाने सरळ. आल्या आल्या काही दिवस त्यांनी खुर्चीमागची रांग पाहिली आणि एका सकाळी दुभाष्याला बोलावून म्हणाल्या, “हे सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. असं करा, प्रत्येक कामाचं बोलणं बाजूला धरून ठेवा. काम संपलं की सगळं एकत्र, त्याच्या नावाखाली उतरवा. चूक असेल तर लाल रंगात. जमेल?”

“जमेल की,” दुभाष्या म्हणाला. मॅडमच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि म्हणणं तर शंभर टक्के बरोबर होतं. नाही कसं म्हणणार?

दुपारी डबे उघडले तेव्हा एकाने विचारलंच, “दुभाष्या, तुमची भाषा आता सगळ्यांनाच शिकवताय म्हणे. मग तुम्ही काय करणार?”

“जागा आहे ना माझी. दाराशी टॉवेल घेऊन उभा राहीन.”

सगळे हसले. तोही हसला. डबा मात्र अर्धा तसाच घरी गेला.

त्याने काम चांगलं केलं. त्या सोळा जावांना जणू फोटोसाठी ओळीत बसवलं, प्रत्येकीच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावली, आणि एकीचं सगळं संपल्याशिवाय दुसरीने तोंड उघडायचं नाही असा दंडक घातला. लोक आपापलं लाल शोधून आपापलं निस्तरू लागले. खुर्चीमागची रांग गेली. बाथरूमकडे येणारी माणसं आता खरंच बाथरूमकडेच यायची.

फक्त एक फट राहिली होती. ती त्याला पहिल्याच दिवशी दिसली, हे त्याने मला फार पुढे सांगितलं. धरून ठेवलेलं बोलणं असतं त्या कामाच्याच पोटात. काम नीट संपलं किंवा रडत-ओरडत थांबलं, तर ते बाहेर पडतं. पण यंत्राची मेमरी संपत आली, की सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्या कामाला यंत्र उभ्या उभ्या मारून टाकतं. त्याच्या पोटातलं पोटातच राहतं. जुन्या गलक्यात त्याचे शेवटचे दोन शब्द तरी सापडायचे. नव्या देखण्या लॉगमध्ये त्याचं नावही नाही. लॉग थांबतो तो त्याच्याआधी सुखरूप संपलेल्या कामाच्या नावाशी. उपाय सोपा होता: बोलणं पोटात न साठवता, जसं निघेल तसं एका बाजूच्या फाइलीत टाकत जायचं. एका दुपारचं काम.

त्याने ते केलं नाही.

मग अधूनमधून बिल्ड मरायचं आणि लॉगमध्ये लाल काहीच नसायचं. माणसं पुन्हा खुर्चीमागे यायची. दुभाष्या मान तिरकी करून, यंत्र स्वतःची जी वेगळी नोंद ठेवतं ती काढून, कोण मेलं ते सांगायचा. मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुमच्याशिवाय चालायचंच नाही बुवा.” त्याने स्वेटर ओढून घेतला आणि तो काहीतरी पुटपुटला, ज्याचं शेपूट तोंडातच राहिलं.

आमच्याकडे एक हळूबाई होत्या. कराचा हिशेब करणारा तुकडा त्यांचा. पुष्कळ वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेल्या, अजून कायम न झालेल्या, आणि प्रत्येक ओळ तीन-तीनदा तपासणाऱ्या. त्यांच्या तपासणीवर आम्ही इतके विनोद केले होते, की ते विनोदही त्या तपासून घ्यायच्या. “यात हसायचं ते कुठे आहे नक्की?”

एका मोठ्या गिऱ्हाइकाला प्रोग्राम द्यायच्या दिवशी बिल्ड मेलं. पुन्हा चालवलं, पुन्हा मेलं. दुभाष्या त्या दिवशी बायकोला घेऊन डायलिसिसला गेलेला, आणि तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो. गिऱ्हाईक चिडलेलं, मोठे साहेब फोनवर. लॉग स्वच्छ, सुंदर, आणि दर वेळी त्यात शेवटचं नाव हळूबाईंच्या कामाचं. वर एक पिवळी सूचनाही होती, रोज असते तशी, निरुपद्रवी.

“शेवटचं कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“कराचं काम,” कोणीतरी म्हणालं.

“पण माझं पूर्ण झालंय,” हळूबाई म्हणाल्या. “खाली ‘पूर्ण’ असं लिहिलंय की.”

“पूर्ण झालं आणि सगळ्यांना घेऊन बुडालं.”

ज्याचा आवाज शेवटी आला त्यानेच मोडलं, असं सगळ्यांनी धरलं. जुन्या गोंधळात असं धरायची कोणाची छाती झाली नसती. पण इतक्या नीटनेटक्या लॉगवर शंका कोण घेणार? हळूबाईंना संध्याकाळीच सांगण्यात आलं, की उद्यापासून येऊ नका. त्यांनी ड्रॉवर रिकामा केला, आणि काही राहिलं नाही ना म्हणून पुन्हा उघडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुभाष्या आला, त्याला कळलं, आणि जेवायच्या सुट्टीच्या आत त्याने ती फट बुजवली. न बोलता. मेलेलं काम आता मरता मरता नाव सांगून जाऊ लागलं. मॅडम म्हणाल्या, “वा.”

पुढच्या आठवड्यात दोघांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं तेव्हा तो वाटभर स्वेटरचा धागा ओढत होता. आत तिला नळ्या जोडल्या, यंत्र घरघरू लागलं, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं.

“अहो, मी चार तास इथून हलत नाही. तुम्हीही हलू नका. काय झालंय?”

“काही नाही.”

“भाऊजी, तुम्ही सांगा.”

“मला काही ठाऊक नाही, वहिनी,” मी म्हणालो, आणि खरंच नव्हतं.

मग त्याने सांगितलं. फट, हळूबाई, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची वाक्यं पूर्ण झाली. ती छताकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे या खुर्चीसाठी ठेवली होती म्हणा ती फट.”

त्याने तिच्या नळीवरच्या चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

“मला विचारलं होतं?”

“तू काय म्हणाली असतीस?”

“ठेवा म्हणाले असते,” ती म्हणाली. “मला काय मरायची हौस आहे? पण त्या बाईची नोकरी घ्या असं नसते म्हणाले. जा आणि सांगून टाका.”

“सांगितलं तर ही खुर्ची जाईल.”

“सरकारी दवाखान्यातही खुर्च्या असतात की. गादी फाटकी असेल. माझीही काही नवी राहिलेली नाही.”

हसली ती एकटीच.

त्याने मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “हे मला वर कळवावं लागेल.” त्यांनी कळवलं. त्यांच्या जागी मीही कळवलं असतं. जाणूनबुजून दोष ठेवला, त्यातून एका निरपराध बाईची नोकरी गेली, गिऱ्हाईक चिडलं. मोठ्या साहेबांना विचार करायला फार वेळ लागला नाही. दुभाष्याला काढलं. त्याच्या जागी कोणाला घ्यायची गरजच पडली नाही, लॉग आता कोणालाही वाचता येत होता.

हळूबाईंना परत बोलावलं आणि त्या आल्या. मानापेक्षा पगाराची गरज त्यांनाही जास्त होती. मी विचारलं, “त्याला भेटलात?”

“भेटले. म्हटलं, मला तुमचा राग आलाय. ते म्हणाले, यायलाच हवा. मग त्यांच्या मिसेसनी चहा दिला. त्यांनी स्वतः घेतला नाही. पाणी मोजून असतं त्यांना.”

सरकारी दवाखान्यात गर्दी फार. आठवड्याला दोनच पाळ्या मिळाल्या. तिसरी पाळी जाते तेव्हा तिचं पाणी अंगातच राहतं. मी भेटायला गेलो तेव्हा तिने पदराखालून पाय पुढे केले. “बघा भाऊजी, या वयात बाळसं धरलंय.” बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि भरत नव्हता.

दुभाष्या घरातही स्वेटर घालून होता. दोन-तीन ठिकाणी त्याने नोकरीसाठी विचारून पाहिलं होतं. आधीची का सोडली, असं विचारत आणि हा खरं सांगे. तिने पाणी मागितलं तेव्हा त्याने औषधाच्या झाकणात ओतून दिलं.

“हे पाणी आहे की डोळ्यात घालायचे थेंब?”

“परवा पाळी आहे. परवा झाल्यावर देतो पुष्कळ.”

“लक्षात ठेवा हं. भाऊजी, साक्षीदार आहात तुम्ही.”

परवाची पाळी झाली. त्याने तिला पेलाभर पाणी दिलं आणि ती ते बराच वेळ हातात धरून बसली होती, असं तो म्हणाला. त्यानंतरच्या पाळीच्या दिवशी नर्सने तिच्या नावाने दोनदा हाक मारली आणि मग यादीतल्या पुढच्या माणसाला आत घेतलं.