गव्हर्नरसाहेबाची लाकडं

मलकापुरात सरकी काढायच्या जिनाजवळून गेलं, की कापूस अंगाला चिकटतोच. आमच्या मिशन शाळेच्या किश्श्यांचंही तसंच. कितीही झटका, चार उरतातच.

इंग्रजांच्या सीपी-बेरार प्रांताच्या त्या दिवसांत मी तिथं कच्चा मास्तर होतो. म्हणजे उद्या "घरी बसा" म्हणाले, तर बसायचं. आमचे पाद्रीसाहेब अमेरिकेचे. एक दिवस म्हणाले, "मास्तर, नाताळात, बड्या दिवसाला, आमच्या देशातल्या एका जुन्या गव्हर्नरच्या चरित्रावर नाटक बसवा. चांगलं झालं, तर तुम्हाला पक्कं करतो."

घरी बायको अन् दोन पोरं. मी लगेच हो म्हटलं.

*

गव्हर्नर मोठा धर्माचा माणूस. जहाजातून आला, जंगलात गाव वसवलं. नाच बंद, पत्ते बंद, नाटक बंद. बड्या दिवसाचा सणसुद्धा बंद! त्या दिवशी लोकांना कामावर धाडायचा.

ड्रॉइंगचे उस्मानमास्तर डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, मंग बड्या दिवशी याचंच नाटक काऊन?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "प्रश्न चांगला आहे," म्हणाले, अन् चहाला निघून गेले.

*

गव्हर्नर मीच. काळा कोट एका वकिलाकडून मागून आणला. तो घालून बाजारातून येत होतो, तर एक म्हातारा आडवा आला. "वकीलसाहेब, माह्या बांधाचं काय झालं?"

"बाबा, मी गव्हर्नर आहे."

"मंग त तुमीच निकाल द्या," म्हणून तो रस्त्यातच बसला.

*

नाटकात एक प्रवेश होता. थंडीत गव्हर्नरची लाकडं चोरीला जातात. तो चोराला बोलावून म्हणतो, "थंडी फार आहे. लागेल तेवढं लाकूड ने." चोर लाजतो अन् सुधारतो.

चोर व्हायला कोणी तयार होईना. शेवटी संपत चपराशी कसाबसा कबूल झाला. ऐन वेळी पडद्यामागं मला म्हणतो, "मास्तर, पोरीले पाहाले आलेले सोयरे समोर बसून राह्यले. म्या नाही होत चोर." अन् गेला.

पडदा वर. स्टेजवर लाकडांचा ढीग, पाद्रीसाहेबांच्या स्वयंपाकघरातला. गावात सगळ्या चुलींत कापसाच्या पऱ्हाट्या जळायच्या. करवतीनं एकसारखी कापलेली लाकडं फक्त साहेबांच्या बंगल्यावर. चोराचा पत्ता नाही. गेली नोकरी, मला वाटलं. प्रवेश तर संपवायला हवा, म्हणून लोकांकडेच वळून म्हटलं, "थंडी फार आहे. लागेल तेवढं लाकूड न्या."

मग तोच बांधाचा म्हातारा उठला. "गव्हर्नरसाहेबाचा हुकूम हाय," म्हणाला, अन् दोन लाकडं खांद्यावर टाकून निघाला. त्याच्यामागून अर्धं गाव.

*

सकाळी साहेबांचा निरोप आला. ताबडतोब या, अन् येताना थोडं जळण आणा, बंगल्यावर चूल पेटलेली नाही.

बायकोनं मोळी बांधून दिली. मी लाकडं पाहिली. एकसारखी, करवतीनं कापलेली.

"हे कुठून आणलंस?"

"तुमीच त म्हणलं नं, न्या म्हणून."

घरात दुसरं जळण नव्हतं. तीच मोळी घेऊन गेलो.

साहेब घोंगडी पांघरून बसले होते. टेबलावर माझ्या नेमणुकीचा कागद, सही नसलेला. त्यांनी मोळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मोळीकडे. मग सही केली, शाई वाळू दिली, अन् कागद माझ्या हातात ठेवत म्हणाले,

"थंडी फार आहे, मास्तर. लागेल तेवढं लाकूड न्या."